पॉल रोबसन : क्रीडांगण, रजतपट आणि नोंद

एखादा व्यावसायिक खेळाडू पुढे नट झाला, की त्याच्या चरित्राचे दोन स्वतंत्र भाग कल्पिण्याकडे चरित्रकारांचा कल असतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय फुटबॉलपटू, गायक व नट पॉल रोबसन (१८९८–१९७६) याच्या बाबतीत ही विभागणी अपुरी पडते. दोन्ही क्षेत्रांत त्याच्यापुढे प्रश्न एकच होता : आपल्या कर्तृत्वाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

रोबसनचे वडील दास्यातून पळून मुक्त झालेले धर्मोपदेशक होते. १९१५ साली शिष्यवृत्ती मिळवून तो न्यू जर्सीतील रटगर्स महाविद्यालयात दाखल झाला. येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल आपल्याकडील नव्हे. चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडण्याचा तो खास अमेरिकन खेळ होय. निवडीच्या सरावातच भावी सहकाऱ्यांनी त्याला हेतुतः जायबंदी केले. तरीही त्याने संघात स्थान मिळविले. १९१६ साली एका दाक्षिणात्य महाविद्यालयाने त्याच्याविरुद्ध खेळण्याचे नाकारले, तेव्हा रटगर्सने त्यालाच बाहेर बसविले. तथापि १९१७ व १९१८ या दोन्ही वर्षी राष्ट्रातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंत त्याची गणना झाली.

पदवीनंतर कोलंबिया विद्यापीठात कायद्याचे अध्ययन करीत असता तो १९२१ मध्ये ॲक्रन व १९२२ मध्ये मिलवॉकी येथील व्यावसायिक संघांतून खेळला. पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात त्याने फ्रिट्झ पोलार्डचा सहायक प्रशिक्षक म्हणूनही काम केले. हाच पोलार्ड १९२१ मध्ये ॲक्रनचा सहप्रशिक्षक, म्हणजे व्यावसायिक संघसमूहातील पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाला. परंतु हे दार फार काळ उघडे राहिले नाही. १९३४ ते १९४५ या काळात तेथे एकही कृष्णवर्णीय खेळाडू आढळत नाही. आणि त्यासाठी लेखी नियमाची गरजही भासली नाही.

१९२५ मध्ये ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या ‘बॉडी अँड सोल’ या मूकपटातून रोबसन रजतपटावर आला. पुढे लंडनमध्ये त्याने आफ्रिकी भाषांचा अभ्यास केला. त्या संस्कृतीचे यथार्थ दर्शन घडेल या अपेक्षेने त्याने ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ (१९३५) मध्ये भूमिका स्वीकारली. पूर्ण झालेला चित्रपट मात्र साम्राज्यसत्तेचे गुणगान ठरला, व रोबसनने त्याचा जाहीर निषेध केला. वेल्समधील खाणकामगारांचे जीवन दाखविणारा ‘द प्राउड व्हॅली’ (१९४०) त्याला समाधान देऊन गेला. पण ‘टेल्स ऑफ मॅनहॅटन’ (१९४२) नंतर त्याने चित्रपटाकडे पाठ फिरविली.

या दोन अनुभवांत एक भेद दिसतो. मैदानावर एकदा उतरू दिल्यावर खेळाचे फळ खेळाडूच्या हाती असते; चित्रपटात नटाच्या अभिनयाचा अर्थ संकलनाच्या मेजावर बदलता येतो. परंतु हा भेदही अंतिम नाही. १९५० मध्ये राजकीय मतांमुळे रोबसनचे पारपत्र रद्द झाले. ते १९५८ मध्येच परत मिळाले. त्याच काळात त्याचे नाव जुन्या क्रीडानोंदींतूनही वगळले गेले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानदालनात त्याला स्थान मिळाले ते १९९५ मध्ये, मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी.

तात्पर्य, खेळाचेही संकलन होते. ते नोंदवहीत होते. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने यादीतील नावांइतकेच तीतून गळलेल्या नावांकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.