मावळातील मनुष्यवधाचा न्याय (भोर व वेल्हे)

पुणे जिल्ह्यातील सध्याच्या भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांचा प्रदेश मराठेशाहीत रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे अशा मावळांत विभागलेला होता. मनुष्यवधासाठी तेथे एकच लिखित दंडसंहिता नव्हती. गोतसभेत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी व बलुतेदार बसून निवाडा करीत. राजसत्तेचे अधिकारी सामील झाल्यास ती मजालस होई. निवाडापत्रास महजर म्हणत.

==वर्गीकरण==
वध हेतुपुरस्सर की नकळत, मृत कोण आणि मारणारा कोणत्या जातीचा, यांवर निर्णय अवलंबून असे. धर्मशास्त्रात ब्रह्महत्या हे महापातक होते आणि अजाणता घडलेल्या वधाला प्रायश्चित्त सौम्य होते. एका वधाचा हिशेब दोनदा चुकवावा लागे: 'गुन्हेगारी' नावाचा दंड सरकारात भरायचा आणि प्रायश्चित्त घेऊन जातीत परत यायचे. जातीत घेतल्याच्या लेखास गोतपत म्हणत.

==शिक्षा==
वतनाच्या भाऊबंदकीतून होणारे खून हा मावळाचा जुनाच रोग. कारीच्या जेधे देशमुखांच्या करिन्यात कान्होजींचे वडील नाईकजी यांना भावांनीच मारल्याची हकीकत आहे. अशा वैरात न्यायसभेपेक्षा सूड आधी पोहोचे.

मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या १८१९ च्या अहवालानुसार, विशेष क्रौर्य नसल्यास खुनाला सहसा देहान्त नसे, दंडावर भागे; वाटमारीला मात्र बहुधा मृत्यू. बऱ्या जातीचा मनुष्य राजद्रोहाखेरीज क्वचितच मारला जाई. अहवाल जेत्याचा आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. तरी मावळातील उदाहरणे त्याच्याशी बरीच जुळतात. उत्रवळीचे खंडोजी खोपडे १६५९ मध्ये अफजलखानास मिळाले. पुढे शिवाजी महाराजांनी त्यांचा एक हात व एक पाय तोडविला. अपवादही याच भागातला आहे. रांझे गावच्या पाटलाने बदअमल केल्याबद्दल १६४६ मध्ये त्याचे हातपाय तोडले गेले व पाटीलकी गेली. येथे राजद्रोह नव्हता, गुन्हेगार वतनदार होता, तरी दंडावर सुटका झाली नाही.

==संस्थानकाल==
पुढे या प्रदेशाचा मोठा भाग पंतसचिवांच्या भोर संस्थानात राहिला. शेजारच्या ब्रिटिश मुलखात १८६० च्या दंडसंहितेने खून आणि सदोष मनुष्यवध यांची व्याख्या हेतू व जाणीव यांवर केली. मारणाऱ्याची जात तीत गणली जात नसे. १९४८ मध्ये भोर मुंबई प्रांतात विलीन झाले.