नाव पटावर, पोरगं मैदानावर

आज खेळाविषयी बोलायचं आहे, पण गोलांविषयी नाही, गुणांविषयी. खेळाडूच्या गुणपत्रिकेतल्या गुणांविषयी.

फुटबॉलवर बोलायला कवी कशाला, असं कुणी म्हणेल. त्याचं कारण सांगतो. १९९० च्या आसपास मी भंडारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी. ए. करत होतो आणि आमच्या फुटबॉल संघात राखीव गोलरक्षक होतो. राखीव म्हणजे इतरांच्या चपला, घड्याळं आणि सायकलींच्या किल्ल्या सांभाळणारा. त्यामुळे खेळण्यापेक्षा खेळणाऱ्यांकडे बघायला मला वेळ भरपूर मिळाला.

आमच्यात एक लेफ्ट आउट होता. धानाची दोन एकर बांधी असलेल्या घरचा. रोवणीच्या दिवसांत तो चिखलात असायचा, आणि रोवणी संपली की मैदानावर. चेंडू पायाशी आला की दोन-तीन गडी मागे टाकून असा निघायचा की आम्ही उभे राहून बघायचो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आल्या की फिजिकलचे सर त्याला शोधत गावी जायचे. त्याची फी कोणीतरी भरून टाकायचं. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे हजेरीही लागायची. वर्गात मात्र त्याचा बाक रिकामा असे. तीन वर्षं त्याचं नाव कॉलेजात होतं. पहिलं वर्ष त्याला काही ओलांडता आलं नाही. चौथ्या वर्षी गुडघा गेला. मग त्याला शोधायला गावी कोणी आलं नाही.

मला तेव्हा वाटायचं, यात नियम कुठेतरी मोडला गेला असेल. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की रिकाम्या बाकापुढची ती खोटी हजेरी सोडली, तर बाकी सगळं नियमात बसण्यासारखं होतं. तेच मला जास्त लागलं. म्हणून हा नियम कुठून आला ते पाहू.

आपल्याकडे फुटबॉल शाळेच्या दारातूनच आला. १८७७ मध्ये कोलकात्याच्या हेअर स्कूलमधल्या नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या मुलाने मित्रांना जमवून चेंडू लाथाडायला सुरुवात केली, आणि प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक स्टॅक यांनी त्या पोरांना मदत केली, हे भारतीय फुटबॉलच्या इतिहासात नोंदलेलं आहे. म्हणजे पहा, सुरुवातीलाच एक मास्तर मैदानाच्या कडेला उभा होता.

आमच्या भागात मास्तरांइतकाच लष्कराचाही वाटा असावा. भंडाऱ्याहून नागपूरकडे जाताना उजव्या हाताला कामठी राहते. १८२१ मध्ये तिथे इंग्रजांची छावणी पडली. पुढे उत्तरेकडून आलेली विणकर मोमीन कुटुंबं तिथे वसली. दिवसभर मागावर हात आणि संध्याकाळी मैदानावर पाय, असा त्या वस्त्यांचा रिवाज झाला. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम क्लब ही नावं आमच्या लहानपणी नटांच्या नावांसारखी तोंडी असायची. या मोहल्ल्यांतून चेंडू कॉलेजात आला. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, आणि भंडाऱ्याची कॉलेजं त्याच विद्यापीठाखाली खेळत आली.

विद्यापीठा-विद्यापीठांच्या सामन्यांची व्यवस्था पाहणारी संस्था म्हणजे १९२५ साली स्थापन झालेलं आंतरविद्यापीठ मंडळ. १९७३ पासून ते भारतीय विद्यापीठ संघ या नावाने ओळखलं जातं. आंतरविद्यापीठ फुटबॉलच्या ढालीला नाव आहे सर आशुतोष मुखर्जींचं. हा गृहस्थ गणिती, न्यायाधीश आणि कुलगुरू. सगळ्या खेळांत मिळून पुढे राहणाऱ्या विद्यापीठाला १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा करंडक देतात. दोन्ही नावं विद्वानांची. ढाल खेळाची आणि तिच्यावरचं नाव विद्येचं, ही जोडी बांधणाऱ्यांच्या मनात काहीतरी असणारच.

आता नियम काय म्हणतो? आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरणारा खेळाडू नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी हवा. वय १७ ते २५ च्या दरम्यान हवं. बारावी होऊन आठ वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेला नको. पूर्णवेळ नोकरीत नको. पत्राद्वारे शिकणारा नको. हे नियम कशासाठी, ते उघड आहे. बाहेरचा भाडोत्री खेळाडू कॉलेजच्या गंजीत घुसू नये म्हणून. हेतू चांगलाच आहे. पण यात एक प्रश्न कुठेच नाही : या मुलाला किती आलं? वय विचारलं, वर्षं मोजली, पटावरचं नाव तपासलं. अभ्यासाचं खातं मात्र कोणी उघडलं नाही. माझा लेफ्ट आउट वयात बसत होता, वर्षांत बसत होता, पटावरही होता. अर्जावर त्याला नाकारावं असं काहीच नव्हतं.

मग वाटतं, गुणांची अट घातली तर? ज्याला इतके टक्के नाहीत त्याने खेळू नये, असा कडक नियम केला तर? हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे, म्हणून थोडं तिकडे जाऊन येऊ. तिथला फुटबॉल आपला नव्हे. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर गाद्या, आणि चेंडू लांबट, तो बहुतेक हातांनीच खेळायचा. पण कॉलेजचा तो खेळ म्हणजे तिथला उरूस आहे, लाखभर माणसं एकेका मैदानावर जमतात.

तिथेही सुरुवात भाडोत्री खेळाडूंपासूनच झाली. आज या कॉलेजात नाव घालायचं, सामना झाला की उद्या त्या कॉलेजात, असे भटके खेळाडू शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे होते. खेळात मृत्यूही होत. १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घ्यावं लागलं, आणि १९०६ मध्ये कॉलेजांची एक नियामक संघटना उभी राहिली. १९१० पासून तिचं नाव एन.सी.ए.ए. १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानने कॉलेजच्या खेळांवर जाडजूड अहवाल काढला आणि खेळाडू कसे पैसे देऊन आणले जातात ते चव्हाट्यावर आणलं.

अनेक वर्षं वाद झाल्यावर १९८३ मध्ये या संघटनेने एक ठराव केला. 'प्रपोझिशन ४८' म्हणून तो ओळखला जातो, आणि १९८६ पासून लागू झाला. शाळेत ११ मुख्य विषय, त्यांत चारपैकी सरासरी किमान दोन, शिवाय प्रवेश-चाचणीत १६०० पैकी किमान ७००. हे जमलं नाही तर पहिल्या वर्षी मैदान बंद. ऐकायला रास्त वाटतं. पण काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजांचे प्रमुख पहिल्या दिवसापासून विरोधात उभे राहिले. ते म्हणाले, ज्या मुलाला शाळेनेच शिकवलं नाही, त्याची परीक्षा घेऊन तुम्ही शिक्षा कोणाला करता? नियम लागू झाल्यावर अडकलेल्यांत बहुसंख्य मुलं काळीच निघाली. पुढे अटी बदलत गेल्या. आज मुख्य विषय १६ आणि सरासरी २.३ आहे. चाचणीच्या गुणांची अट २०२३ मध्ये काढून टाकली.

आणि नियम येण्याआधीची कहाणी कशी होती, ते डेक्स्टर मॅनली याने सांगितलं आहे. हा वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघातला नावाजलेला खेळाडू. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात तो चार वर्षं होता. १९८९ मध्ये तो अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे रडत रडत बोलला, की मला वाचता येत नव्हतं. चार वर्षं विद्यापीठात, आणि वाचता येत नव्हतं! ही बातमी वाचली तेव्हा मला ओक्लाहोमा दिसलं नाही. मला आमच्या वर्गातला तो रिकामा बाक दिसला.

म्हणजे अमेरिका म्हणते, गुण नाहीत तर खेळू नको. आणि आपण काय म्हणतो? आपण नेमकं उलटं म्हणतो : तू खेळ, गुण आम्ही देतो. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या खेळाडूंना स्पर्धेच्या दर्जाप्रमाणे वाढीव गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. पुढे ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखल्या, आणि १ जुलै २०१६ ला त्यात सुधारणा झाली. यामागे चांगली भावना आहे, हे मी मनापासून मानतो. गरीब घरच्या पोराने खेळावर चार वर्षं घालवली, तर त्याच्या हाती काहीतरी लागावं. या जागांमुळे किती घरांत चूल नीट पेटली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण जिथे गुण आणि नोकरी, तिथे दलालही येतो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजली, आणि खऱ्या खेळाडूला आपण खरे आहोत हे सिद्ध करायला कागद घेऊन फिरावं लागतं.

इथे दोन्ही देशांचं एक साम्य दिसतं. एक गुण मागतो, दुसरा गुण देतो. शिकवण्याची पाळी कोणावर, हा प्रश्न गुणांच्या या दोन्ही नियमांबाहेरच राहतो. मुलगा पंधरा दिवस स्पर्धेला गेला. तेवढ्या दिवसांत वर्गात जे झालं, ते त्याला परत कोण सांगणार? गुण वाढवून गुणपत्रिका भरते. डोक्यातली रिकामी जागा भरायला माणूस लागतो.

खेळ आणि अभ्यास जमतच नाही का? जमतो. डॉक्टर तालिमेरन आओ आठवा. नागा टेकड्यांतला हा मुलगा. त्याने डॉक्टर व्हावं, ही त्याच्या वडिलांची शेवटची इच्छा. १९४२ मध्ये तो कोलकात्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात दाखल झाला आणि मोहन बागानकडून खेळू लागला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तो स्वतंत्र भारताच्या पहिल्या फुटबॉल संघाचा कर्णधार होता. बहुतेक गडी अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ ने हरले. पण हरूनही लक्षात राहिले. १९५० मध्ये आओ डॉक्टर झाला, आपल्या मुलखात परतला आणि १९७८ पर्यंत तिथल्या लोकांची सेवा केली. प्रवेशापासून पदवीपर्यंत आठ वर्षं लागली. त्याला कोणी गुण वाढवून दिले नाहीत, वेळ दिला. आणि घरातून एक शब्द त्याच्या पाठीशी होता. माझ्या मित्राच्या घरात तो शब्द देणारं कोणी शिकलेलं नव्हतं. मग तो शब्द कॉलेजने द्यायला नको होता का?

तो मित्र आज सायकल आणि मोटारसायकलचे पंक्चर काढतो. कधी पोरं फुटबॉलही घेऊन येतात, तोही तो शिवून देतो, पैसे घेत नाही. त्याची मुलगी फुटबॉल खेळते, बापासारखीच डाव्या पायाची. गेल्या वर्षी राज्य स्पर्धेला गेली. दहावीला होती. परत आल्यावर त्याने मला दुकानात बोलावलं.

"का बे शायर," तो म्हणाला, "पोरीले खेळाचे गुण भेटतीन म्हणते. घेऊ का नको?"

मी म्हटलं, "घे ना. हक्काचे आहेत."

तो थोडा वेळ ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघत राहिला. मग म्हणाला, "गुण तर घेतोच. पण गणित तिले कोन सांगन? मले कोनी सांगतलं नाही म्हून विचारतो."

या प्रश्नाला माझ्याजवळ कविता नव्हती. गणित तर माझंही कच्चं. पण आमच्या मोहल्ल्यात एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांच्याकडे गेलो. ती स्पर्धेहून आली की राहिलेला भाग ते तिला शिकवू लागले. पुढे आणखी तीन खेळणारी पोरं येऊन बसू लागली. फी नाही. अट एकच : सरावाहून यायचं ते हातपाय धुऊन.

मी नियम करणारा माणूस नाही. पण मला विचारलं तर पात्रतेच्या अर्जावर मी एक रकाना वाढवीन. त्यात खेळाडूचं वय नको, वर्षं नकोत, टक्केही नकोत. तिथे कॉलेजने एवढंच लिहावं : हा मुलगा खेळायला गेला तेव्हा त्याचा जो अभ्यास राहिला, तो त्याला कोणी शिकवला? खाली त्या शिक्षकाची सही. सही नसेल, तर शिक्षा खेळाडूला नको. अर्ज कॉलेजकडे परत जावा.

ती मुलगी दहावी झाली. खेळाचे गुण तिला मिळाले. ते आले त्या दिवशी मित्राने गुणपत्रिका माझ्यापुढे धरली आणि काळ्या बोटाने गणिताची ओळ दाखवली. म्हणाला, "हे पाह्य. हे तिचे सोताचे आहेत."