आंबील : घरच्या घरी धान्य आंबवण्याचा पहिला धडा

मार्गशीर्ष महिन्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आणि आसपासच्या पेठांमध्ये अनेक घरी आंबिलीचे पातेले चुलीवर चढते. सौंदत्तीच्या रेणुकादेवीची यात्रा करून भाविक परतले की, पेठेपासून जवळच असलेल्या ओढ्यावरील रेणुका मंदिरात आंबील यात्रा भरते. आंबील, घुगऱ्या, वडी-भाकरी, मेथीची भाजी, कांद्याची पात आणि गाजर असा नैवेद्य देवीला दाखवून कुटुंबे मंदिराच्या परिसरातच एकत्र जेवतात. उन्हाळ्यात हीच आंबील थंड पेय म्हणून शहरात हातगाड्यांवरही मिळते.

धान्य आंबवून पेय तयार करण्याची कला जगभर आहे. बिअर हे तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप. ती घरी करून पाहण्याचे कुतूहल अनेकांना असते. महाराष्ट्रात मात्र कायद्याने ती वाट बंद केली आहे. आंबवण्याचे शास्त्र स्वतःच्या हाताने शिकायचे असेल, तर आंबील हा त्याचा सोपा आणि निर्धोक आरंभ ठरतो.

एक धान्य, दोन वाटा

बिअरसाठी सातू, म्हणजे बार्ली, भिजवून मोड आणतात आणि वाळवतात. मोड येताना धान्यात विकरे तयार होतात. भरडलेले धान्य सुमारे ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ठेवले की, ही विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. तो गोड अर्क गाळून हॉप्स या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात. त्यातून कडवटपणा येतो. अर्क थंड झाल्यावर त्यात यीस्ट मिसळले जाते. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते.

आंबिलीत यीस्टचे काम लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू करतात. ते ताकातून येतात आणि साखरेचे आम्ल बनवतात. त्यामुळे आंबिलीला नशा नसते, आंबटपणा असतो. हे आम्ल अनेक अपायकारक जंतूंची वाढही रोखते. लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये दूध आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांवर निबंध मांडला आणि १८७६ मध्ये बिअरवर ग्रंथ लिहिला. दोन्हींमागे सूत्र एकच होते : कोणता सूक्ष्मजीव कामाला लागतो, यावर पदार्थ ठरतो. ज्या नाचणीची कोल्हापुरात आंबील होते, त्याच नाचणीपासून नेपाळ, सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात तोंगबा हे मादक पेय तयार होते.

कायदा काय सांगतो

राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. पूर्वी तो मुंबई दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जाई. आता त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे आहे. त्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा तुरुंगवास आणि दंडास पात्र असलेला गुन्हा आहे. मद्याच्या व्याख्येत बिअरही येते. विक्री न करता केवळ स्वतःसाठी केली, हा बचाव चालत नाही. मद्य पिण्याचा परवाना जवळ असला, तरी त्याने ते तयार करण्याचा अधिकार मिळत नाही. पुण्या-मुंबईतील छोट्या ब्रुअरी चालतात त्या राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर.

आंबिलीची कृती

चार जणांसाठी अर्धी वाटी नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ पुरते. ते एक वाटी ताज्या ताकात गुठळ्या न होऊ देता कालवावे. भांडे मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे असावे. तांब्या-पितळेचे बिनकल्हईचे भांडे आम्लामुळे कळकते, म्हणून ते टाळावे. वर सैल झाकण ठेवून मिश्रण रात्रभर उबदार जागी ठेवावे. उन्हाळ्यात आठ तास पुरतात, थंडीत बारा तास किंवा अधिक लागतात. हलकासा आंबूस वास आणि वर आलेले बारीक बुडबुडे ही पीठ आंबल्याची खूण.

सकाळी चार वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात मीठ घालावे. आंबलेले पीठ बारीक धारेने सोडत सतत ढवळावे आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटे शिजवावे. उकळण्याने आंबवण्याची क्रिया थांबते आणि जीवाणू मरतात. म्हणूनच आंबील पूर्ण निवल्यावर तिच्यात पुन्हा ताजे ताक घालतात. त्याने चव येते आणि जिवंत जीवाणूही परत मिळतात. शेवटी ठेचलेला लसूण, जिरेपूड आणि कोथिंबीर घालावी.

नवशिक्यांच्या चुका

आंबत ठेवलेले भांडे घट्ट बंद करणे ही सर्वांत मोठी चूक. आत साचणाऱ्या वायूने झाकण उडू शकते, काचेची बाटली फुटूही शकते. दुसरी चूक म्हणजे ‘जास्त आंबले तर जास्त चांगले’ हा समज. पीठ दिवसेंदिवस ठेवल्यास त्यात यीस्ट आणि बुरशी शिरकाव करतात. गुलाबी, हिरवी किंवा काळी छटा, तंतूंची वाढ किंवा कुजका वास आढळला, तर वरचा थर काढून उरलेले वापरू नये. सगळेच टाकून द्यावे. तयार आंबील फ्रिजमध्ये ठेवून दिवसभरात संपवावी.

पोषणाचा लाभ

नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मात्र तिच्यातील फायटेट हे द्रव्य कॅल्शियम आणि लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणते. मोड आणल्याने आणि आंबवल्याने फायटेट कमी होते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि नाचणीकडे शहरांचे लक्ष नव्याने गेले. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरउतारांवर मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहे. ती आंबवून खाण्यातला गुण कोल्हापूरच्या घरांना प्रयोगशाळेच्या आधीपासून ठाऊक होता.