हद्दीपलीकडचा इंजिनिअर

हेजाझ रेल्वेचा मुख्य इंजिनिअर माइसनर हा जर्मन. पण अल-उलाच्या पुढे परधर्मीयांना मज्जाव! मग मुख्तार बे वगैरे मुसलमान इंजिनिअरांनी १९०८ मध्ये रूळ मदिनेला नेले. शंभरेक वर्षांनी माझीही तीच गत. आमचा ट्रेलर हद्दीच्या आत बंद, गिअरबॉक्सचा कंट्रोल मोड्यूल गेलेला, आणि मी पाटीपाशी. पेशावरचे खानसाहेब मेकॅनिक आत, फोनवर. डबा बदलणं सोपं हो. पण नवा डबा गाडीला ओळखत नाही. लॅपटॉप लावून गाडीची माहिती भरायची, मग क्लच कुठे पकडतो ते शिकवायचं. टाकीत हवा कमी, की शिकवणी फसली! तिसऱ्या खेपेला जमलं. असो. २०२१ मध्ये त्या पाट्यांवरचं 'फक्त मुसलमानांसाठी' गेलं, 'हरमची हद्द' आलं.