परसातला कांदा आणि पाहुणी लीक

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात हट्टा नावाचे गाव आहे. काळ्या जमिनीच्या या टापूत परसातील कांद्या-लसणाचा वाफा ही नवलाची गोष्ट नव्हे. परंतु कांद्याचीच बहीण जी लीक, तिने या बाजूच्या परसात कधी घर केले नाही. असे का व्हावे?

लीक कुळाने थोर आहे. प्राचीन मिसर देशात ती पिकत असे. रोमचा बादशहा नीरो कंठ सुधारावा म्हणून ती तेलाबरोबर खाई, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. वेल्सच्या लोकांनी तर तिला आपले राष्ट्रचिन्ह मानले. हिला कांद्यासारखा गड्डा धरत नाही. पांढरा, जाड दांडा हाच तिचा खाण्याचा भाग.

हिंदुस्थानात ती गोऱ्या अंमलदारांच्या मागोमाग आली. हट्ट्याच्या उत्तरेस हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. ती १९०३ साली उठली. अशा छावण्यांत बंगल्याभोवती विलायती भाज्या लावण्याचा प्रघात देशभर होता. पावसाळा सरताच लीकचे बी वाफ्यात टाकावे, रोपे बोटभर उंच झाली की चरात लावावी आणि दांडा पांढरा राहावा म्हणून वरचेवर मातीची भर द्यावी, अशी तिची रीत. चार-पाच महिने तिला पाणी व निगा लागे.

एवढे करूनही माळ्याच्या हाती पुढील सालचे बी लागत नसे. लीकला फूल येण्यास दीर्घ थंडी हवी. ती मराठवाड्याच्या सपाटीवर मिळत नाही. म्हणून बी दरसाल बाहेरूनच आणावे लागे. साहेब गेला की बियाण्याची वाटही बंद होई.

कांद्याचे तसे नव्हते. त्याचे बी येथल्याच हिवाळ्यात धरते. शिवाय त्याला घरच्या रीतिरिवाजांत स्थान होते. चातुर्मासात तो वर्ज्य, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी होते; वर्ज्य करण्यासही वस्तू आधी घरची असावी लागते! नामदेवांचे जन्मस्थान मानली जाणारी नर्सी याच जिल्ह्यात आहे. त्यांचे समकालीन, अरणचे सावता माळी यांना तर मळ्यातल्या कांद्या-मुळ्यातच विठ्ठल दिसला.

आज लीकच्या बियांची पुडी विकत मिळते आणि हौसेने ती कोठेही लावता येते. तथापि कोणत्या भाजीने गावात राहावे, याचा निकाल बादशहाच्या आवडीने किंवा छावणीच्या दिमाखाने लागला नाही. जिचे बी घरची गृहिणी गाडग्यात जपून पुढल्या हंगामाला पेरू शकली, तीच भाजी परसात टिकली.