हवाई सर्वेक्षण, पुरातत्त्वीय

जमिनीत गाडल्या गेलेल्या प्राचीन अवशेषांचा विमानातून वा उपग्रहावरून घेतलेल्या प्रतिमांच्या साहाय्याने शोध घेण्याची पद्धती. बुजलेल्या खंदकावरील ओलसर मातीत पीक जोमाने वाढते, तर गाडलेल्या भिंतीवर ते खुरटते. हा फरक उंचावरून रेषारूपाने दिसतो. १९०६ मध्ये इंग्लंडमधील स्टोनहेंजची छायाचित्रे बलूनमधून घेण्यात आली. पुढे १९२० नंतरच्या दशकात ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी या पद्धतीस शास्त्रीय बैठक दिली. भारतात १९८० च्या सुमारास यश पाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांवरून घग्गर नदीच्या जुन्या पात्राचा अभ्यास केला.

नासिक येथे या पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट होतात. गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटी मंदिरांनी व दाट वस्तीने व्यापलेली असल्याने तेथे पिकांच्या खुणा मिळू शकत नाहीत. उंचावरून नदीचे वळण, तीर व टेकाडे यांचा परस्परसंबंध कळतो. वसाहतीचा काळ कळत नाही. उजव्या तीरावरील मातीच्या गढीचे ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले, तेव्हाच थरांच्या क्रमावरून ताम्रपाषाणयुगापासून मराठा काळापर्यंतच्या वसाहतींचा उलगडा झाला. तथापि वाढत्या बांधकामांमुळे टेकाडे सपाट होतात, तेव्हा त्यांच्या मूळ आकाराचा पुरावा जुन्या हवाई छायाचित्रांतच उरतो. म्हणून अशा छायाचित्रांचे जतन उत्खननाइतकेच महत्त्वाचे आहे.