भोपाळ : भोजपाळ कीं भूपाळ ?

बाजीराव पेशवे यांनीं डिसेंबर १७३७ मध्यें निजामुल्मुल्कास भोपाळास कोंडलें व जानेवारी १७३८ मध्यें दुराईसराईचा तह करवून घेतला, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. परंतु तळ्याकांठच्या या राजधानीचें नांव मूळचें कोणतें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. त्यावर प्रकाश पाडणारीं कांहीं साधनें आमच्या संग्राहकांच्या मोडी रुमालांतच असण्याचा संभव आहे, म्हणून हें टिपण.

नांवाविषयीं दोन मतें आहेत. लोकमत असें कीं, धारचा परमार राजा भोज (११ वें शतक) यानें बांध घालून येथील मोठा तलाव निर्माण केला. त्या 'भोजपाल'चें भोपाल झालें. पाल म्हणजे बांध. मराठींतही आपण तळ्याची पाळ म्हणतोंच. शहरापासून सुमारें २८ किलोमीटरांवरील भोजपूर येथील अपूर्ण शिवमंदिर व जुन्या बांधांचे अवशेष पाहिले म्हणजे या मतास बळकटी आल्यासारखें वाटतें. दुसरें मत शिलालेखतज्ज्ञ डॉ. फ्लीट यांचें. सन १९०८ च्या 'इंपीरियल गॅझेटियर'मध्यें तें नमूद असून, नांवाचा उच्चार स्पष्टपणें 'भूपाल' असा होतो, असेंही तेथें म्हटलें आहे. फ्लीट यांच्या मतें मूळ शब्द भूपाल, म्हणजे राजा. भोजाची जोड मागाहून लोकांनीं अर्थ लावण्याच्या हौसेनें दिली.

आतां साक्षी तपासूं.

(१) फारसी लेख. फारसी लिपींत ओ व ऊ या दोहोंस 'वाव' हें एकच अक्षर असल्यामुळें तोच शब्द भोपाल असाही वाचतां येतो व भूपाल असाही. सबब फारसी कागद कितीही अस्सल असला तरी या वादांत मुका आहे.

(२) मराठींतील ळकार. आपण भोपाळ लिहितों, तेव्हां 'पाळ' म्हणजे बांधच, असें कोणी म्हणेल. परंतु गोपालाचा गोपाळ व भूपालाचा भूपाळ आपण याच नियमानें करतों. ळकार दोन्ही पक्षांस सारखाच अनुकूल, म्हणून कोणासच उपयोगी नाहीं.

(३) पकार. लोकांच्या तोंडीं शतकानुशतकें राहिलेल्या शब्दांत दोन स्वरांमधील प सहसा टिकत नाहीं. गोपालाचा ग्वाल झाला, भूपालाचा जुन्या हिंदींत भुआल झाला. तेव्हां नांव भूपाल असेल तर तें पंडितांनीं दिलेलें किंवा जपलेलें असलें पाहिजे. उलट 'भोज्पाल' यांत ज् पुढील पकारांत मिसळून भोप्पाल, भोपाल असा क्रम लागतो. पण मग त्याच राजाचें, त्याच मुलखांतलें भोजपूर आपला जकार कसा राखून आहे, या शंकेचें उत्तर भोजपक्षानें दिलें पाहिजे.

सारांश, तलाव भोजाचा असला तरी नांवही भोजाचेंच, असें त्यावरून ठरत नाहीं. हे दोन प्रश्न निराळे आहेत. सन २०११ मध्यें मोठ्या तलावास 'भोजताल' हें नांव सरकारनें दिलें, व शहराचेंही 'भोजपाल' करावें असा विचार पुढें आला. एकदां पाटी लागली म्हणजे पुढील पिढी पाटीलाच पुरावा मानते. म्हणून हा भेद आजच नोंदवून ठेवणें अवश्य आहे.

निर्णय लागेल तो पहिल्या अक्षराच्या स्वरावरून. येथें मोडी कागद फारसीहून सरस ठरतो. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नसले तरी उकार व ओकार यांचीं चिन्हें वेगळीं आहेत. अर्थात् १७३७-३८ चें पत्र त्या काळच्या उच्चाराचीच साक्ष देईल, भोजाच्या काळची नव्हे. त्यासाठीं त्यापूर्वींचे नागरी लेखच पाहिले पाहिजेत. तथापि अठराव्या शतकांतील उच्चार निश्चित झाला, तरी गॅझेटियरांतील 'भूपाल' हा उच्चार जुना कीं अलीकडील, हें कळेल.

ज्यांच्या संग्रहीं या मोहिमेचीं अस्सल पत्रें असतील त्यांस विनंति कीं, छापील प्रतीवर विसंबूं नये. नक्कल करणाराची लेखणी परिचित रूपाकडे नकळत वळते. मूळ कागद उजेडांत धरून भकारावर मात्रा आहे कीं खालीं उकार, एवढेंच पाहावें व जसें असेल तसें प्रसिद्ध करावें.